डेटाबेसमधून ओळख व्यवस्थापन प्रणालीत होणारी वापरकर्त्यांची वाढीव आयात : दोषांचा शोध व निवारण
(खान्देशातील महाविद्यालयांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत महाविद्यालयीन कार्यालयाचे बहुतांश कामकाज आज संगणकावर चालते. प्रथम वर्षास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद प्रवेशाच्या आज्ञावलीत होते. परंतु त्याला लागणारी खाती मात्र अनेक ठिकाणी असतात. ग्रंथालयासाठी कोहा, अध्यापनासाठी मूडल, महाविद्यालयाचा ई-मेल, वसतिगृहातील वाय-फाय, तसेच ई-नियतकालिके. ही खाती हाताने उघडणे व बंद करणे अशक्यप्राय झाल्यामुळे मधल्या जागी ओळख व्यवस्थापन प्रणाली बसविली जाते. ती कार्यालयाच्या डेटाबेसमधून वापरकर्ते वाचते आणि त्यानुसार अन्यत्र खाती निर्माण करते, बदलते वा थांबविते.

या व्यवस्थेत आढळणारा सर्वांत त्रासदायक दोष हा त्रुटीचा संदेश देत नाही. समजा, प्रवेशाच्या टेबलमध्ये दोनशे नोंदी झाल्या आणि खाती एकशे सत्त्याण्णव निघाली. आयातीच्या लॉगमध्ये ‘यशस्वी’ असा शेरा आहे. उरलेले तीन विद्यार्थी कोण, हे परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवशी ते खिडकीशी येऊन उभे राहीपर्यंत कोणासही ठाऊक नसते. धुळ्याहून किंवा शिरपूरहून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यात संपूर्ण दिवस जातो. अशा वेळी दोष सामान्यतः सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे स्रोत टेबलमध्ये किंवा टेबल व प्रणाली यांच्यातील करारात दडलेला असतो. प्रस्तुत लेखात तो कोठे शोधावा याचे विवेचन केले आहे.

पूर्ण आयात व वाढीव आयात :

पूर्ण आयातीत प्रणाली प्रत्येक वेळी टेबलमधील सर्व नोंदी वाचते आणि आपल्याकडील नोंदींशी ताडून पाहते. वाढीव आयातीत ती केवळ एकच प्रश्न विचारते : ‘मागील वेळेनंतर काय बदलले?’ मायक्रोसॉफ्टच्या आयडेंटिटी मॅनेजर २०१६ मध्ये या दुसऱ्या प्रकारास डेल्टा आयात म्हणतात, तर मिडपॉइंट या मुक्त प्रणालीत लाइव्ह सिंक म्हणतात. नावे निराळी असली तरी मूळ कल्पना एकच आहे. टेबलमध्ये ‘शेवटचा बदल केव्हा’ हे सांगणारा एक रकाना असतो. प्रणाली स्वतःजवळ एक खूण ठेवते आणि त्या खुणेच्या पुढील शिक्का असलेल्या नोंदीच मागते. आवक-जावक लिपिकाने काल जेथे रेघ मारली तेथून आज पुढे वाचावे, तसा हा प्रकार होय. मात्र एखाद्याने त्या रेघेच्या वरच्या जुन्या नोंदीत काही खाडाखोड केली, तर ती लिपिकाच्या दृष्टीस पडणार नाही. वाढीव आयातीतील बहुतेक सर्व दोष या एका मर्यादेतून उद्भवतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे इष्ट ठरेल. दोन-तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास रोज रात्री पूर्ण आयात चालविणे सहज शक्य असते. वाढीव आयातीची खरी गरज प्रवेशाच्या दिवसांत, पाव तासात खाते मिळावे अशी अपेक्षा असते तेव्हा, अथवा एका संस्थेची जळगाव व धुळे येथील अनेक महाविद्यालये एकाच प्रणालीवर असतात तेव्हा भासते. गरज नसताना ती बसविणे म्हणजे दुखणे विकत घेण्यासारखे आहे.

शोधाची पहिली पायरी :

एखाद्या विद्यार्थ्याचे खाते निघाले नाही तर तीन शक्यता संभवतात. त्याची नोंद टेबलमधून निवडलीच गेली नाही. निवडली गेली पण जुळणीत अडली. किंवा जुळली पण पुढील सेवेपर्यंत पोहोचली नाही. यांपैकी कोणती शक्यता खरी हे ठरविल्याशिवाय प्रणालीची मांडणी बदलू नये. त्यासाठी प्रणालीने साठविलेली खूण प्रथम लिहून घ्यावी आणि प्रणाली जी क्वेरी चालविते तीच क्वेरी, तीच खूण घालून, प्रणालीच्याच वापरकर्ता-नावाने डेटाबेसवर हाताने चालवावी. वेगळ्या नावाने चालविल्यास परवानग्यांतील फरक झाकला जातो. हरवलेली नोंद या उत्तरात नसेल तर ओळख प्रणाली निर्दोष आहे. तिला जे दिसले नाही ते तिने आणलेले नाही.

पहिल्याच दिवशी होणारा एक गोंधळही येथेच उलगडतो. मिडपॉइंटमध्ये लाइव्ह सिंक प्रथम सुरू केल्यावर ती प्रणाली त्या क्षणाची खूण घेते व तेथून पुढचेच बदल पाहते. आधीपासून टेबलमध्ये असलेल्या नोंदी तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे आधी एकदा पूर्ण आयात आणि नंतर वाढीव आयात हा क्रम चुकविता येत नाही.

शिक्का न पडणे :

खान्देशातील महाविद्यालयांच्या कामकाजात सर्वाधिक संभवणारा दोष कायम नोंदणी क्रमांकाशी, अर्थात पीआरएनशी, निगडित आहे. विद्यार्थ्याचा प्रवेश आधी होतो. पीआरएन विद्यापीठाकडून पात्रतेच्या प्रक्रियेनंतर मिळतो. म्हणजे प्रवेशाच्या दिवशी टेबलमधील तो रकाना रिकामा असतो. ओळख प्रणालीत पीआरएन हीच जुळणीची किल्ली ठरविलेली असेल, तर किल्ली नसलेली नोंद ती नाकारते, आणि हे नाकारणे योग्यच आहे. काही आठवड्यांनी पीआरएनची एक्सेल यादी येते व कार्यालयातील कोणीतरी ती एकगठ्ठा टेबलमध्ये भरतो. या भरण्यात ‘शेवटचा बदल’ हा रकाना बदलला नाही, तर नोंदीवर शिक्का जुनाच राहतो. खूण केव्हाच पुढे गेलेली असते. ती नोंद पुन्हा कधीही निवडली जात नाही.

‘आमच्या टेबलवर ट्रिगर आहे, शिक्का आपोआप पडतो’ असे उत्तर यावर हमखास मिळते. ते अर्धसत्य आहे. स्क्रीनवरून एकेक नोंद भरताना ट्रिगर चालतो. परंतु ओरॅकलमध्ये एसक्यूएल लोडरची डायरेक्ट पाथ पद्धत वापरल्यास इन्सर्ट ट्रिगर चालत नाहीत, आणि एसक्यूएल सर्व्हरमधील बल्क इन्सर्ट स्पष्टपणे सांगितल्याशिवाय ट्रिगर चालवीत नाही. म्हणजे ज्या दिवशी शेकडो नोंदी भरल्या जातात, नेमक्या त्याच दिवशी शिक्के पडत नाहीत. तपासणी सोपी आहे : पीआरएन भरलेला आहे परंतु शिक्का पीआरएनची यादी येण्याच्या दिवसापूर्वीचा आहे, अशा नोंदी मोजाव्यात. संख्या शून्य नसेल तर दोष सापडला. तात्पुरता उपाय म्हणून त्या नोंदींवर आजचा शिक्का मारता येतो; कायमचा उपाय म्हणजे यादी भरणाऱ्या आज्ञावलीनेच तो रकाना लिहिणे.

याच जातीचा आणखी एक दोष अनेक टेबलांच्या जोडणीतून निर्माण होतो. विद्यार्थ्याचे नाव एका टेबलात आणि वर्ग व विषय दुसऱ्या टेबलात असतात. द्वितीय वर्षास प्रवेश घेतल्यावर दुसऱ्या टेबलातील नोंद बदलते, पहिल्यातील नाही. आणि शिक्का पाहिला जातो तो पहिल्यातला. दोन्ही शिक्क्यांपैकी जो मोठा तो घ्यावा हा विचार बरोबर आहे, पण ओरॅकल व मायएसक्यूएल यांतील ग्रेटेस्ट हे फंक्शन दोहोंपैकी एक मूल्य रिकामे असले तर उत्तरही रिकामेच देते. पोस्टग्रेसमध्ये तसे होत नाही. नवीन विद्यार्थ्याची दुसऱ्या टेबलात नोंद झालेलीच नसेल, तर दुरुस्तीच त्याला अदृश्य करते.

घड्याळाचे घोळ :

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर त्याचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते. ओळख प्रणाली महाविद्यालयातील यंत्रावर, भारतीय वेळेवर चालते. प्रणाली आपल्या घड्याळावरून खूण ठेवीत असेल तर काय घडते ते पाहू. दुपारी दोनला आयात झाली, खूण १४:०० अशी पडली. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रवेश झालेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीवर शिक्का पडतो ०८:४० चा. सव्वादोनची आयात १४:०० नंतरचे काही आहे का असे विचारते व रिकाम्या हाताने परतते. दर पाव तासाने चालणाऱ्या आयातीत अशा प्रकारे एकही नवी नोंद येत नाही.

गंमत अशी की हीच मांडणी रोज रात्री अकराला चालविली तर बहुधा काहीच बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या नोंदीवर त्या दिवसाचा ०४:३० हा शिक्का असतो व तो आदल्या रात्रीच्या २३:०० च्या पुढचा ठरतो. हरवतात त्या केवळ रात्री अकरा ते पहाटे साडेचार या वेळेतील नोंदी, आणि त्या वेळी कार्यालय बंद असते. त्यामुळे ‘वर्षभर चालत होते, प्रवेशाच्या काळात वारंवारता वाढविली आणि बंद पडले’ अशी तक्रार आली तर प्रथम साडेपाच तासांचा संशय घ्यावा. घड्याळांची मांडणी याच्या उलट असेल, म्हणजे टेबलमध्ये भारतीय वेळ व खूण जागतिक वेळेची, तर काही हरवत नाही. केवळ मागील साडेपाच तासांच्या नोंदी पुनःपुन्हा वाचल्या जातात. यावरील उपाय म्हणजे खूण प्रणालीच्या घड्याळावरून घेऊच नये. वाचलेल्या नोंदींतील सर्वांत मोठा शिक्का हीच पुढची खूण मानावी.

अर्थात या उपायाचीही एक बाजू आहे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली की वीज गेल्यानंतर यंत्राची तारीख भरकटते. शिक्का त्या यंत्राच्या तारखेवरून पडत असेल आणि तारीख मागे गेली, तर त्या दिवसाच्या नोंदी हरवतात. तारीख पुढे गेली तर परिणाम अधिक गंभीर होतो. एका नोंदीवर २०३५ सालचा शिक्का पडला की खूण २०३५ वर जाऊन बसते आणि त्यानंतरचे सर्व खरे बदल मागचे ठरतात. लॉगमध्ये मात्र रोज ‘शून्य बदल, यशस्वी’ असेच दिसते. म्हणून भविष्यातील शिक्के नाकारण्याची अट क्वेरीतच असावी. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे एनआयसी वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे. त्याचा हेतू सुरक्षेचा असला तरी आयातीसही त्याचा लाभ होतो.

घड्याळे जुळलेली असूनही नोंदी निसटतात, त्याची दोन सूक्ष्म कारणे आहेत. पहिले कारण सेकंदाचे. ओरॅकलच्या डेट या प्रकारात सेकंदाचा अंश साठविला जात नाही. मायएसक्यूएलमध्येही तो वेगळा मागावा लागतो. एकाच सेकंदात काही नोंदी आयातीपूर्वी व काही आयातीनंतर झाल्या, आणि क्वेरी ‘खुणेपेक्षा मोठा’ असे विचारीत असेल, तर उरलेल्या नोंदी निसटतात. ‘मोठा किंवा समान’ असे विचारल्यास काही नोंदी दुबार येतात. परंतु दुबार आलेल्या नोंदीने काही बिघडत नाही. दुसरे कारण अधिक फसवे आहे. पोस्टग्रेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते. लिपिकाने ११:०० वाजता सुरू केलेली एकगठ्ठा भरणी ११:२० ला पूर्ण झाली, तर त्या सर्व नोंदी इतरांना ११:२० ला दिसू लागतात. शिक्का मात्र ११:०० चा असतो. मध्यंतरी ११:१५ ची आयात इतर नोंदी वाचून पुढे निघून गेलेली असते. यासाठी प्रत्येक वेळी खुणेच्या तासभर मागून वाचणे हा साधा व पुरेसा उपाय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोव्हर्जन नावाचा, घड्याळाशी संबंध नसलेला चढता क्रमांक वापरता येतो. परंतु क्रमांक वापरला तरी अपूर्ण ट्रान्झॅक्शनचा प्रश्न सुटत नाही, म्हणून त्यासाठी किमान चालू रोव्हर्जन सांगणारे वेगळे फंक्शन तेथे दिलेले आहे.

जुळणीतील अडचणी :

नोंद निवडली गेली की ती कोणत्या व्यक्तीची हे ठरवावे लागते. किल्ली नसताना नाव व जन्मतारखेवर जुळणी करण्याचा मोह येथे टाळावा. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावे किती आढळतात हे वेगळे सांगावयास नको. त्यात पूर्वी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहिण्याचा प्रघात सर्वश्रुत आहे. विशेषतः ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या नोंदींत आडनाव, आद्याक्षरे व १ जून यांवरून दोन भिन्न व्यक्ती एक ठरू शकतात. खाते न मिळणे ही गैरसोय आहे. एकाचे खाते दुसऱ्यास मिळणे हा गोपनीयतेचा भंग आहे.

नावाची रचनाही स्थिर नाही. आडनाव आधी की शेवटी, विवाहानंतरचे नाव कोणते, हे प्रश्न जुनेच आहेत. १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयानुसार आईचे नावही येते, म्हणजे ही मुले महाविद्यालयात येतील तेव्हा नावाचे चार भाग असतील. जिल्ह्याचेही तसेच : १ जुलै १९९८ पूर्वीच्या नोंदींत शहादा व तळोदा धुळे जिल्ह्यात असतात, नंतरच्या नोंदींत नंदुरबारात. बदलू शकणारी कोणतीही गोष्ट किल्ली म्हणून वापरू नये. प्रवेश होताच महाविद्यालयाने स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक द्यावा, तो कधीही बदलू नये, आणि पीआरएन पुढे आल्यावर त्याच नोंदीत गुणधर्म म्हणून जोडावा. असे केल्यास पीआरएनची वाट न पाहता खाते पहिल्याच दिवशी उघडता येते.

एका नोंदीमुळे अडणारी आयात :

देवनागरी नावांच्या बाबतीत आढळणारा पुढील दोष बोधप्रद आहे. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी सामान्यतः अक्षरांत नव्हे, तर बाइटमध्ये मोजली जाते, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आडनावासाठी वीस बाइट राखले असतील तर ‘महाजन’ व ‘चौधरी’ ही पाच-पाच चिन्हांची आडनावे पंधरा बाइटांत बसतात. ‘सूर्यवंशी’मध्ये काना-मात्रा, अनुस्वार व रफार धरून नऊ चिन्हे होतात, सत्तावीस बाइट लागतात. नोंद अडते.

येथे खरा प्रश्न ती नोंद अडल्यानंतर प्रणाली काय करते हा आहे. ती तेथेच थांबत असेल तर सूर्यवंशींच्या मागे असलेले सर्व विद्यार्थी अडतात. निदान गोंधळ लगेच उघडकीस येतो. ती नोंद वगळून पुढे जात असेल तर खूणही पुढे जाते आणि सूर्यवंशींचे खाते कायमचे राहून जाते. वगळलेल्या नोंदींची वेगळी यादी ठेवून पुढील वेळी त्या पुन्हा घेण्याची सोय असेल तरच पुढे जाण्याचा मार्ग स्वीकारावा. प्रणाली विकत घेताना वा बसवून घेताना विचारावयाचा हा पहिला प्रश्न असावयास हवा. तो क्वचितच विचारला जातो.

वगळलेले व निघून गेलेले :

शिक्क्यावर चालणारी आयात पुसलेली नोंद पाहू शकत नाही. जी नोंद अस्तित्वातच नाही तिच्यावर शिक्का कोठून असणार? विद्यार्थी दाखला घेऊन धुळ्याहून जळगावच्या महाविद्यालयात गेला आणि कार्यालयाने त्याची नोंद टेबलमधून काढून टाकली, तर धुळ्यातील त्याचे खाते चालूच राहते. हे निरुपद्रवी वाटले तरी तसे नाही. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा इन्फेड हा प्रवेश-संघ शिबोलेथ या प्रणालीवर आधारित आहे. त्यात आपल्या वापरकर्त्याची ओळख पटविणे ही सदस्य संस्थेची जबाबदारी असते. निघून गेलेल्याचे खाते जिवंत असेल तर संस्था त्याच्याविषयी खोटी ग्वाही देते. ई-मेलच्या बाबतीत आर्थिक बाजूही आहे. गूगलने २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठीचा अमर्याद मोफत साठा बंद करण्याचे जाहीर केले व २०२२ पासून संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. तेव्हापासून माजी विद्यार्थ्यांची विसरलेली खाती आजी विद्यार्थ्यांची जागा अडवितात.

याकरिता नोंद पुसू नये, तिच्यावर ‘दाखला दिला’ अशी स्थिती व तारीख घालावी. मग ती बदललेली नोंद म्हणून आपोआप निवडली जाते. कार्यालयातील जनरल रजिस्टरमध्ये नाव खोडून टाकण्याऐवजी शेवटच्या रकान्यात दाखल्याचा शेरा मारतात, तीच शिस्त येथे पाळावयाची आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही वगळलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. सामान्यतः १८० दिवस तिची खूण जपून ठेवली जाते, जेणेकरून इतर सर्व्हरांना ती गेल्याचे कळावे.

तरीही काही नोंदी निसटतीलच. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण आयात चालवावी, मात्र एका बंधनासह. वीज वा जोडणी खंडित होऊन टेबल अर्धेच वाचले गेले, तर पूर्ण आयात उरलेले सर्व विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेले असे समजते व त्यांची खाती बंद करू लागते. परीक्षेच्या आठवड्यात असे घडल्यास काय होईल याची कल्पना करता येते. यासाठी एका वेळी बंद करावयाच्या खात्यांवर मर्यादा घालावी, समजा एकूण संख्येच्या दोन टक्के. त्यापुढे प्रणालीने थांबावे व जबाबदार व्यक्तीची संमती घ्यावी. निकालानंतर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खरोखरच बाहेर पडतात तेव्हा ही मर्यादा ओलांडली जाणारच. त्या दिवशी यादीवर नजर टाकून संमती देणे हे कामच आहे.

पूर्ण आयातीत जे फरक सापडतात त्यांची यादी संगणक विभागात ठेवून देण्याची प्रथा दिसते. ती प्रवेश विभागाकडे गेली पाहिजे, कारण प्रत्येक फरक हा वाढीव आयातीतून निसटलेला एक बदल असतो आणि तो कोणत्या कामात घडला हे त्या विभागासच ओळखता येते. त्या यादीत दर आठवड्याला पीआरएनचाच रकाना पुनःपुन्हा दिसू लागला, तर दुरुस्ती ओळख प्रणालीत नव्हे, पीआरएनची एक्सेल यादी भरणाऱ्या आज्ञावलीत करावी लागते.